शिट्टी होईपर्यंत पॉज!

तेरा वर्षांत मी एकाही सिनेमाला दोनच्या वर स्टार दिलेला नाही! हे मी छाती पुढं काढून सांगतो. देणारे देतात हो, लग्नात अक्षता टाकाव्यात तसे पाच-पाच स्टार उधळतात. आपल्याला ते जमत नाही. कोयनानगरात माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर एस.टी.नं वळणं-वळणं घेत कराड गाठावं लागतं. पोटातलं सगळं ढवळून, खिडकीतनं दोनदा डोकं बाहेर काढून मी थेटरात पोचतो. एवढे हाल सोसून गेलेला माणूस फुकटचे स्टार वाटंल का?

तर आमचा एक ग्रुप आहे, 'पडदा टराटरा'. सातारा-सांगलीकडची दोनशे दहा माणसं. धंदा एकच, सिनेमा बघायचा आणि फाडायचा. पण नुसतं फाडून फाडून कंटाळा येतो, म्हणून दर रविवारी चारला घड्याळ लावून खेळ असतात. हिरोच्या नुसत्या बुटांचा फोटो टाकायचा, तीस सेकंदांत सिनेमा ओळखायचा. दोन मिनिटांत खलनायकाची बाजू मांडायची. नव्वद सेकंदांत व्हिडिओवर मरणाचा सीन करून दाखवायचा! मागं एका गड्यानं तो इतका झकास केला की त्याच्या आईनं खरंच तोंडावर पाणी मारलं आणि मोबाईल बाद झाला.

या खेळांचे पंच म्हणजे ग्रुपचे ॲडमिन भाऊसो. औंधचे. लष्करात सिग्नलला होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. एकदा आमच्यातल्या लालासाहेबांचं उत्तर एकतिसाव्या सेकंदाला आलं. त्यांनी गयावया केली, "आवं भाऊसो, म्हशीची धार काढत हुतो, एका हातानं टाइप केलं!"

भाऊसो म्हणाले, "म्हस तुमची हाय, सेकंद माझा हाय. बाद!"

असा माणूस!

यंदा वर्षाच्या शेवटी दोघंच उरलो. मी आणि माधवनगरच्या दीपमालाताई. ताईंचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. स्वभाव लोण्यासारखा. सिनेमाची पाटी पडली की यांच्या डोळ्यांतनं पाणी सुरू! आयुष्यात पाचाच्या खाली उतरल्या नाहीत. म्हणजे एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या. ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. जिंकणाऱ्याला फिरता चषक, म्हणजे सिनेमाच्या रिळाचा जुना पत्र्याचा डबा, पॉलिश मारलेला. वर्षभर मिरवायचा.

आणि हरणाऱ्याला? इथंच माझा जीव टांगणीला लागला होता. भाऊसोंचा पुतण्या शिवतेज, त्यानं एक सिनेमा काढलाय. नाव 'उसाच्या फडात हेलिकॉप्टर'. अडीच तासांत हेलिकॉप्टर एकदाही येत नाही! नुसता आवाज येतो, मग सगळे वर बघतात, मग गाणं लागतं. मी त्याला अर्धा स्टार दिला होता. भाऊसोंनी ते मनात ठेवलं असणार, कारण त्यांनी शिक्षा जाहीर केली. हरणाऱ्यानं या सिनेमावर पाचशे शब्दांचं, पाच स्टारचं परीक्षण लिहायचं. टोमणा नको, तिरका शब्द नको, खाली स्वतःचं पूर्ण नाव.

दीपमालाताईंना त्याचं काय! त्यांनी त्याच सिनेमावर आपणहून तीनदा पाच स्टारचं लिहिलंय. पण माझं? तेरा वर्षांची अब्रू! मी माझ्या बायकोला, मायाला सांगितलं, "मी हरलो तर कराडच्या थेटरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

माया अंगणवाडीत काम करते. दिवसभर चाळीस पोरं सांभाळते, त्यामुळं माझ्याशीही त्याच सुरात बोलते. "मग नगा दाखवू. रविवारचं माझ्यासंगं बाजाराला चला."

"माया, फायनल आहे! चार वाजता मी त्या खुर्चीत बसणार. काहीही होऊ दे, घरात साप निघू दे, मला हाक मारायची नाही."

"बरं," म्हणाली आणि परसात वाळत घातलेल्या कुरडया बघायला गेली.

फायनलचा खेळ होता 'पॉज'. नियम एका ओळीचा. भाऊसोंनी शिट्टी मारली की व्हिडिओवर जसे आहात तसे थांबायचं, सिनेमा मधेच थांबवल्यासारखं. पापणी आणि श्वास माफ. पुन्हा शिट्टी होईपर्यंत जो हालला तो बाद. मी महिनाभर सराव केला होता. दुकानात गिऱ्हाईक झेरॉक्स मागायचं आणि मी पुतळा! तीन गिऱ्हाईकं कायमची तुटली, पण बारा मिनिटांपर्यंत पोचलो होतो.

चार वाजता मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. मागं भिंतीवर माझ्या परीक्षणांच्या वह्यांची फळी दिसेल अशी खुर्ची मांडली. तेरा वर्षांच्या अठ्ठेचाळीस वह्या! बघणाऱ्याला दहशत बसायला हवी. पडद्यावर एका चौकोनात भाऊसो, एकात दीपमालाताई, बाकी बघ्यांची गर्दी.

मी जरा रंगात आलो. ताईंकडं बोट रोखलं आणि म्हणालो, "ताई, आज तुमचा..."

फुर्रर्र!

झालं! बोट वर, तोंड 'आ' वासलेलं, एक भुवई चढलेली. यातच थांबायचं! ताई बघावं तर मांडीवर हात ठेवून देवळातल्या मूर्तीसारख्या शांत. शिलाई मशीनवर पाठ मोडणारी बाई, तिला बसण्याचं काय कौतुक! माझा मात्र पाचव्या मिनिटाला खांदा भरून आला. दहाव्याला जबडा कुरकुरायला लागला. पंधराव्या मिनिटाला एक माशी माझ्या तोंडाशी येऊन आत जावं की नको याचा विचार करत बसली. मी हाललो नाही. माशीच कंटाळली.

एकोणिसाव्या मिनिटाला जमीन हालली.

आता बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, कोयनेत आम्हाला याचं काही नाही. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, आम्ही सांडू नये म्हणून चहाचा कप तेवढा उचलून धरतो. धक्का थांबला की शेजारी एकमेकांना विचारतात, "मोठा हुता का बारका?" आणि कामाला लागतात. हा बारकाच होता. पण माझी ती फळी! अठ्ठेचाळीस वह्यांच्या वजनानं ती आधीच टेकीला आलेली. कर्रर्र आवाज झाला आणि तेरा वर्षांची टीका माझ्या डोक्यावर आली! धबाधबा वह्या पडल्या. एक वही उघडी होऊन डोक्यावर छपरासारखी बसली. मी हाललो का? नाव काढू नका!

पडद्यावर मात्र हलकल्लोळ! तिकडं सांगली-साताऱ्याला धक्का पोचलाच नव्हता. त्यांना दिसलं ते असं, की घर हादरतंय, भिंतीवरनं काहीतरी कोसळतंय, आणि खाली दिग्विजय सपकाळ तोंड वासून बसलाय.

"दिग्विजयराव, पळा!" दीपमालाताई ताडकन उठून किंचाळल्या. "आवं, पळा की! घर पडतंया!"

मी मनात म्हणालो, वा ताई, हे शिकलात होय! कारण गेल्या वर्षीच्या सेमी-फायनलला असंच झालं होतं. कुणीतरी "साप!" म्हणून ओरडलं, लालासाहेब खुर्चीवर चढले आणि बाद झाले. साप बीप काही नव्हता. मी काय लालासाहेब आहे? शिवाय ताई स्वतः उठल्या, म्हणजे त्या बाद! आता शिट्टी होईपर्यंत टिकलो की चषक माझा!

आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली की वायफाय गेलं. माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं की गड्या! पण जरा विचार करा. शिट्टी झालेली नाही. मला ते दिसत नसतील, पण रेंज काय सांगून येते? मी नाक खाजवायला हात उचलायचो आणि नेमकी त्याच क्षणी लाइट यायची. भाऊसो म्हणायचे, नाक तुमचं हाय, शिट्टी माझी हाय. नको रे बाबा! बसलो तसाच.

तिकडं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्यांच्याकडं माझं शेवटचं चित्र अडकून राहिलं होतं. डोक्यावर वही, तोंड उघडं, बोट आभाळाकडं. आता हा मूळचाच थांबलेला माणूस! नेट अडकलंय, की माणूस अडकलाय, की माणूस गेलाय, कुणाला काही कळायला मार्ग नाही. माझा फोन लागेना. पाच मिनिटांनी ते चित्रही गेलं आणि दीपमालाताईंनी हंबरडा फोडला.

भाऊसोंनी मात्र दोन कामं केली. पहिलं, आमच्या शेजारच्या हंबीररावांना फोन लावला. हंबीररावही माजी सैनिक, दोघांची जुनी ओळख. "हंबीरराव, तुमच्या शेजारचं घर पडलंया. माणूस आत हाय. ताबडतोब हला!" दुसरं, ग्रुपवर घोषणा केली. मी ती पुढं वाचली, म्हणून शब्दशः सांगतो. "आपला खंदा समीक्षक पॉजमध्येच गेला. आदरांजली वाहायची तर शिस्तीत वाहू. वेळ पाच मिनिटं. शब्द जास्तीत जास्त पन्नास. स्टार सक्तीचे. यंदाचा चषक उत्तम आदरांजलीला, दिवंगताच्या स्मरणार्थ." आणि स्टॉपवॉच दाबलं!

माझ्या मायाचा नंबर ताईंकडं होता. तिला बातमी विचारायची म्हणून भाऊसोंनी तिलाही ग्रुपमध्ये घेतलं. ती परसात कुरडया गोळा करत होती, तिच्या मोबाईलला रेंज होती. धक्का बसल्यावर तिनं खिडकीतनं आत एकदा डोकावलं होतं. नवरा तोंड वासून बसलेला. नेहमीचंच. हाक मारायची नाही अशी ताकीद होती, म्हणून ती परत कुरडयांकडं गेली होती.

आणि माझ्या पुढच्या दारावर धाडकन आवाज झाला! हंबीररावांनी पहार घालून कडी तोडली. मागचं दार सताड उघडं होतं हो! पण लष्करात मागच्या दारानं जात नाहीत म्हणे. त्यांच्याबरोबर कॉलनीतला पप्पू आणि आणखी एक दांडगा गडी, खांद्यावर बाज घेऊन.

हंबीररावांनी माझ्या नाकाशी बोट धरलं. "श्वास हाय रं! पर झटका आलाय. तोंड बघ कसं वाकडं झालंया!"

पप्पू म्हणाला, "तात्या, तोंड त्येंचं पयल्यापास्नंच तसं हाय."

"गप! बोट बघ बोट. देवाला हात दावतोय. उचला!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताईंची चाल! माधवनगरात बसून या बाईनं कोयनेत माणसं पेरली! शाब्बास! पण मीही सपकाळ आहे. उचलता? उचला! मला बाजेवर आडवं केलं. तरी बोट वर, तोंड उघडं, वही डोक्यावर. पप्पूनं वही काढायला हात घातला तर हंबीरराव ओरडले, "हात लावू नगंस! डोक्याला काय झालंय म्हाईत न्हाई, जसं हाय तसं दवाखान्यात जाऊ दे."

निघाली वरात! कॉलनीचा रस्ता, रविवारची दुपार, सगळे धक्क्यामुळं आधीच बाहेर आलेले. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, शेवटचं काय सांगत हुता गं? बोट करून गेला!" कुणीतरी मला नमस्कार केला. मी पापणी लववली. पापणी माफ होती.

तेवढ्यात माया धावत आली. हातातला मोबाईल तसाच, पदराला कुरडयांचा चुरा. तिनं बाज धरली आणि तिच्या तोंडाकडं बघून मला कसंसंच झालं.

"आवं! आवं, काय झालं तुमास्नी? मगा तर चांगलं बसला हुता! बोला की! माझ्याकडं बघा तरी!"

तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. माझ्या कपाळावर दोन थेंब पडले, गरम. मंडळी, लपवत नाही, इथं मी हालायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस हालला असता. पण माझ्या मनात काय आलं असेल? 'बायकोलापण फितवलं!' बावीस वर्षांचा संसार आणि मी हा विचार केला. जाऊ दे, पुढचं ऐका.

दवाखान्याच्या वळणावर गर्दी वाढली. बाज पुढं जाईना. हंबीररावांनी खिशातनं शिट्टी काढली, जुनी लष्करी सवय, आणि रस्ता मोकळा करायला मारली.

फुर्रर्र!

शिट्टी!!

मी बाजेवर ताडकन उभा राहिलो, दोन्ही मुठी आभाळात, आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "जिंकलोओओ!"

पप्पूनं बाज सोडली आणि तो पळाला. दुसरा गडी त्याच्या पुढं. म्हातारीनं यमाईचं नाव घेतलं आणि खालीच बसली. मी बाजेसकट रस्त्यावर आपटलो. वही तेव्हा कुठं डोक्यावरनं पडली. हंबीरराव शिट्टी तोंडात तशीच धरून माझ्याकडं बघत राहिले.

मायानं पदरानं डोळे पुसले, मोबाईलवर काहीतरी केलं आणि घराकडं चालायला लागली.

मी धुळीतनं उठून पप्पूचा फोन मागितला. फोन द्यायला तो जवळ येईना, लांबूनच सरकवला. भाऊसोंना लावला. "भाऊसो! एक्केचाळीस मिनिटं! ताई कवाच उठल्या! चषक माझा!"

भाऊसो म्हणाले, "जिवंत हायस म्हणं. बरं झालं. शिट्टी कुणी मारली?"

"हंबीररावांनी!"

"मग? पंच कोण हाय? माझी शिट्टी व्हायच्या आत हाललास तू. बाद!"

"आवं पण..."

"शिट्टी त्येंची हाय, खेळ माझा हाय. दोघंबी बाद. ताईंनी परीक्षण लिवायला घेतलंबी. तुझं उद्या सकाळी दहापर्यंत पायजे. टोमणा नगं."

"आणि चषक?"

"चषक कवाच गेला. ग्रुप बघ."

घरी आलो तोवर लाइट आली होती. तुटकी कडी, वह्यांचा ढीग, आणि मोबाईलवर माझ्या मरणाची एकशे सदतीस परीक्षणं! भाऊसोंनी स्पर्धेबाहेर लिहिलं होतं, "आज्ञेत गेला. तीन स्टार." लालासाहेब म्हणतात, "पहिला भाग बरा, मधला ताणलेला, शेवट अनपेक्षित. अडीच." एकानं विचारलं होतं, त्यांचं झेरॉक्स मशीन विकायचं आहे का? दीपमालाताईंनी एकट्यांनी पाच स्टार दिले होते, पण रडताना शब्द एक्कावन्न झाले म्हणून त्या बाद.

आणि सगळ्यांत वर, पिन करून ठेवलेलं, ब्याण्णव बदाम पडलेलं, चषक मिळालेलं परीक्षण. लेखिका माया दिग्विजय सपकाळ, कोयनानगर.

"बावीस वर्षं चाललेला सिनेमा. मध्यंतर न्हाई. नायक घरात असतो, पर सीनमधी नसतो. संवाद लय, काम काय न्हाई. कवातरी बायकोकडं बघंल असं दर वेळी वाटतं. जमीन हालली, ह्यो न्हाई. तरीबी उठून जाववत न्हाई, तिकीट माझ्या बापानं हौसेनं काढलंया. स्टार दीड."

त्याखाली मिनिटभरानं दुसरी ओळ. "ता. क. : ते जिवंत हायेत. घरात तोंड वासून बसल्यात."

म्हणजे आधी परीक्षण पाठवलं, मग नवरा जिवंत असल्याची बातमी! घड्याळ चालू होतं ना!

दुसऱ्या दिवशी मी 'उसाच्या फडात हेलिकॉप्टर'ला पाच स्टार दिले. कसं लिहिलं ते विचारू नका. शिवतेजनं त्यातला "श्वास रोखून धरायला लावणारा!" हा तुकडा उचलून पोस्टरवर छापला, खाली माझं पूर्ण नाव. कराडच्या स्टँडवर मुतारीच्या भिंतीला लावलंय म्हणे. मी अजून तिकडं गेलेलो नाही.

पण खरी गोष्ट त्या रविवारी संध्याकाळची. माया कुरडया डब्यात भरत होती. मी जवळ जाऊन बसलो. तिनं बघितलं नाही. मी समीक्षक माणूस, मला दुसरं काही सुचेना. म्हणालो, "लिहिलंयस चांगलं. पण दीडच? आणि खाली 'एडिट केले' असं का दिसतंय?"

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"आधी तीन हुते," ती म्हणाली. "म्या बाजंला धरून रडत हुते, तवा तुमी उठला. मला वाटलं, आता माझं नाव घ्याल. तुमी 'जिंकलो' म्हणून वरडला. तितंच उभ्या उभ्या निम्मं कापलं."

मंडळी, त्या परीक्षणात चूक काढायची म्हणून मी आठवडाभर ते वाचतोय. अजून सापडलेली नाही.